आपलीच माणसं
शेंगाचटणीचा डबा उघडला की मला आमचं सोलापूरचं महापालिकेचं ऑफिस आठवतं. सगळ्या खात्यांची माहिती एकाच क्लाउडवर ठेवून खात्याखात्यात भिंती घालायच्या, म्हणजे एका खात्याची माहिती दुसऱ्याला दिसू द्यायची नाही, हे माझं काम. "भिंती कशाला? सगळी आपलीच माणसं हायत की," पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले आणि भिडेखातर मी त्यांच्या आणि आरोग्य खात्याच्या मधली भिंत घातलीच नाही. एका दुपारी जेवताना साहेबांनी आमच्या क्लार्क बाईंना मायेनं विचारलं, "टीबीच्या गोळ्या घेताय ना वेळेवर?" बाईंनी हे ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं; ते फक्त आरोग्य खात्याच्या नोंदीत होतं. सगळ्यांना आपल्या डब्यातली चटणी वाढणारा बाईंचा हात थांबला. माझ्या भाकरीवर वाढून झाली होती. ती चटणी मी हळूच बाजूला सारली. भिंत त्याच संध्याकाळी घातली. पण बाईंनी ते सारणं पाहिलं होतं, त्याला आज काय करू?