गोखलेसाहेबांना ओव्हरटेक कोण करणार?

किस्से साठायला फुरसत लागते, आणि आमच्या गोल्फ क्लबवर फुरसतीशिवाय दुसरं काही नव्हतंच. एक फटका मारायचा आणि पुढचे लोक हलेपर्यंत उभं राहायचं. आयुष्य बातमीदारीत गेलेल्या माणसाला असं उभं केलं, की तो एक तर भांडतो, नाही तर किस्से गोळा करतो. मी दोन्ही केलं.

*

क्लब भोपाळच्या कडेला आहे. चालवतात पिपलानीच्या कारखान्यातले रिटायर्ड इंजिनिअर. सेक्रेटरी बापट मला पहिल्यांदा घेऊन गेले, तेव्हा सुरुवातीलाच आम्ही खोळंबलो.

"पुढे कोण अडलंय?"

"गोखलेसाहेब. आमचे जनरल मॅनेजर होते."

"मग विचारून पुढे जाऊ. हळू खेळणाऱ्याने वाट द्यायची, असा नियमच आहे."

मी साहेबांच्या खुर्चीवर माझा टॉवेल टाकल्यासारखं बापटांनी माझ्याकडे पाहिलं. "अहो, रिटायर झाले म्हणून काय झालं? साहेबांना कुणी ओव्हरटेक करतं का?"

कारखाना सुटला होता, सीनिऑरिटी नाही.

*

करोंद मंडीतले एक धान्य व्यापारी हौसेने खेळायला आले. फी भरली, नवे बूट घातले आणि रांगेत उभे राहिले. शेवटी बूट काढून ऑफिसात आले. "सेक्रेटरी साहब, इतनी देर में तो मैं दो ट्रक गेहूँ तुलवा देता. पैसे वापस कीजिए."

हबीबगंजच्या हॉटेलातून येणारे पाहुणेही असेच परत जायचे. बापटांना घाम फुटायचा, कारण जागेच्या मालकाने बजावलं होतं, "वाढीव भाडं जमत नसेल तर सांगा. मैरिज गार्डनवाले तैयार बैठे हैं."

*

मग मीटिंग झाली. एकाने फी वाढवा म्हटलं, दुसऱ्याने चहातलं दूध कमी करा.

मी उठलो. "मैदान तेवढंच, सकाळ तेवढीच. खेळ भराभर पुढे सरकला, तर त्याच सकाळी दुप्पट माणसं फी भरतील. गवत काही दुप्पट कापावं लागणार नाही."

"पत्रकारसाहेब, हा गोल्फ क्लब आहे, सिटी बस नाही."

"बस असती तर कंडक्टर कधीच ‘आगे बढ़ो’ म्हणाला असता."

ठराव मंजूर झाला. गोखलेसाहेबांना सांगायचं कुणी, हा मुद्दा मात्र पुढच्या मीटिंगवर गेला.

*

बापटांनी त्यातून वाट काढली. ‘हळू खेळणाऱ्यांनी मागच्यांना पुढे जाऊ द्यावं’ असा बोर्ड दारात लावला. गोखलेसाहेबांनी चष्मा पुसून तो वाचला.

"उत्तम. याची फार गरज होती," म्हणाले, आणि मैदानात जाऊन त्याच चालीने खेळू लागले.

*

आता सुटलो बुवा. हल्ली गोखलेसाहेबांच्या मागे अक्षरशः पळावं लागतं. ते गव्हाचे व्यापारी आपल्या मित्रांना घेऊन येतात, भाडं वेळेवर जातं, मैरिज गार्डनवाल्याने दुसरी जागा पाहिली. बापटांना झोप लागते, असं वहिनी सांगतात.

हे घडलं ते माझ्या भांडखोरपणामुळे. एका सकाळी मी सरळ गोखलेसाहेबांसमोर उभा राहिलो. "साहेब, तुमच्या संथ खेळामुळे क्लब बुडतोय."

मागे बापटांनी डोळे मिटून घेतले.

साहेब शांतपणे म्हणाले, "मी संथ? मी तर थांबलोय." आणि काठीने झाडांच्या वळणापलीकडे दाखवलं. तिकडे पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ एकटेच खेळत होते. "नाडकर्णीसाहेब. मी नोकरीला लागलो तेव्हा माझे बॉस होते. त्यांना मी ओव्हरटेक करू?"

मी तडक वळणापलीकडे गेलो. नाडकर्णीसाहेब फोल्डिंग स्टुलावर बसून मागे बघत होते.

"साहेब, जरा भराभर खेळाल का? मागे सगळे खोळंबलेत."

"अहो, मी केव्हाच घरी जाऊन नाश्ता केला असता," ते वैतागून म्हणाले. "पण हा गोखले! ट्रेनी होता तेव्हापासून मागे पडतो. एकटा टाकून कसं जाऊ बिचाऱ्याला?"