पहिले तारे, मोठ्या आवाजात
आमच्या घरी कुणी हळू बोलत नसे. भिंतीला लागूनच बाबांचे कापडाचे लूम, दिवसभर नुसता खडखडाट. त्यातच उभं आयुष्य काढल्यामुळे बाबांना कमी ऐकू यायचं. बाहेरची माणसं विचारायची, तुमच्यात रोज भांडणं होतात का? भांडणं कसली डोंबलाची, जेवायला बोलावत असायचो.

धाकटी बहीण दहावीत होती. पुढे तिला कॉमर्सला घालायचं, हे बाबांनी ठरवून टाकलेलं. मला घातलंच होतं. तिला मात्र आकाशाचं वेड. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं विश्वातले अगदी पहिले तारे जिथे तयार झाले, ती जागा मांडली. लूमखाली पडणारी रुई पिंजून ढग केले, आत मिणमिणते तांबडे दिवे सोडले. मला म्हणाली, "ताई, बाबांना आण. त्यांनी एकदा ऐकलं तरच काही होईल." शुक्रवारी भिवंडीत लूम बंद, म्हणून मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं.

परीक्षक आले आणि आमच्या धाकट्या बाईसाहेबांनी घरच्या आवाजात सुरुवात केली. वायूचे ढग आपल्याच वजनानं कसे आत कोसळतात, त्यातून भराभर तारे कसे जन्मतात, अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. लोक वळून बघायला लागले. एक परीक्षक बाई म्हणाल्या, "हळू बाळा, हळू." तिनं आवाज उतरवला आणि अडखळलीच. परीक्षक पुढच्या टेबलाकडे निघूनही गेले. असा संताप आला मला. पोरीचे डोळे भरले होते.

बाबा जागचे हलले नाहीत. "पुढं सांग की."

तिनं नाक पुसलं आणि पुन्हा तशीच ओरडून सांगायला लागली. हा उजेड पृथ्वीसुद्धा नव्हती तेव्हा निघाला, विश्व पसरत गेलं तसा वाटेत ताणत ताणत तांबडा झाला.

"येवढा ताणला तर तुटत न्हाय?"

"न्हाय बाबा. पोचतो."

"आन हे सगळं शिकायचं तर काय करायला लागतं?"

"सायन्स घ्यायला लागतं."

"मंग घे की. कॉमर्सला कशाला जातेस?"

जसा काही तिनंच कॉमर्सचा हट्ट धरला होता. ती रडता रडता हसली, मीही हसले. आणि मग आत कुठेतरी कळ आली, खरंच सांगते. कॉमर्स मलाही नको होतं. तसं मी बाबांना म्हणालेही होते, पण तोंडातल्या तोंडात. त्यांना ऐकूच गेलं नसणार.