पायलटीन आन तिचा टॉवर

तव्हा घरात कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजे मधीच कोण बोललं तर तुमचा घोळ व्हायचा नाय. मी गयाबाई, बजाजनगरात मेस चालवायची. मही सून सुनीता, जी हे समदं लिहून घेऊ राहिली. मेसमधी कायमचे जेवायला असणारे शेख चाचा, कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर व्हते. वरच्या पत्र्याच्या खोलीत नवीन राहायला आलेली एक पोरगी. आन तिचा बाप, तो अजिंठ्याहून येऊन-जाऊन असायचा. महा पोरगा तव्हा कामाला चाकणला व्हता, तो यात नाय.

त्या पोरीला आम्ही पायलटीन म्हणायचो. ती कुर्चीवर बसून उडायची.

खोटं नाय सांगत. दुपारी तिचं जेवण उरकलं की ती गच्चीवर जायची, प्लास्टिकची कुर्ची मांडायची आन पट्टा म्हणून ओढणी कमरेवरून घेऊन कुर्चीला बांधायची. म्होरं डब्यांची झाकणं ओळीनं लावायची, ती तिची घड्याळं. हातात महं बेलणं. मंग डोळे मिटायची. तोंडानं इंग्रजीत काय काय पुटपुटत बेलणं हळूच मागं घ्यायची, एका अंगाला कलायची, मान वळवून खाली पाहायची. खाली महे पापड वाळत पडलेले. सुनीतानं पहिल्यांदा पाहिलं तशी ती पळतच खाली आली. तिला वाटलं पोरीच्या अंगात काय तरी हाय, लिंबू उतरून टाकावं. मी शेख चाचाला वर धाडलं. ते जिन्यात उभं राहून लई वेळ पाहत राहिले, मंग खाली येऊन ताटावर बसले आन म्हणाले, "कुछ नै अम्मा, बच्ची प्लेन चला रही. अब्बी उतरेगी."

नंतर तिनं समजून सांगितलं. खऱ्या विमानात बसायच्या आधी कुर्चीवर उडायचं असतं, म्हंजे हाताला वाट ठाव होती. कॉलेजातले सरच तसं शिकवतात, पोरं पण करतात. त्याच्यानंतर मी खालून हाक द्यायची, "पायलटीन, विमान उतरव गं, मला चपात्या लाटायच्यात." ती म्हणायची, "उतरवते मावशी." पण अर्ध्यातून कधी उठली नाय. कणीक वाळून जाऊ दे, ती आधी विमान जमिनीवर टेकवायची, थांबवायची, झाकणं एक-एक करून पालथी घालायची, आन मंगच बेलणं घेऊन खाली यायची.

ती शहरातल्या एका कॉलेजात व्हती, पायलटच्या डिग्रीला. तिथं विमान नव्हतं, नुसता अभ्यास. विमान म्होरं, दुसऱ्या मुलखात. मला वाटायचं पायलट म्हंजे डायव्हरवाणी, एकदा हात बसला की झालं. पण हिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती इतकी पुस्तकं. एक हवेचं, एक नकाशाचं, एक इंजनाचं, एक नुसतं कायद्याचं. जेवता जेवता सांगायची, ढगात जाती असतात, कोणत्यात शिरायचं आन कोणाला लांबून वळसा घालायचा. मी जल्मभर ढग खालून पाहिला, यील का नाय यवढंच. ती म्हणायची, "मावशी, ढगाला वरून पण अंग असतं. उन्हात लई पांढरं असतं म्हणे." तिनं तरी कुठं पाहिलं व्हतं, पुस्तकातलंच सांगत व्हती. पण तव्हापासून कणीक मळताना मला ते वरचं अंग दिसायचं. हात परातीत आन मन तिकडं.

तिची दुसरी सवय म्हंजे आपण काय सांगितलं की तेच आपल्याला परत सांगायची. दार लाव म्हणलं की "दार लावते". दळण टाकून ये, बाजरी बारीक सांग, म्हणलं की "दळण टाकते, बाजरी बारीक". सुरवातीला मला राग यायचा, वाटायचं ही आपली नक्कल करती. एक दिवस मी तिला तोंडावर बोलले. ती वरमली. म्हणाली, "मावशी, वर आभाळात तोंड दिसत नाय कोणाचं. म्हणून खालून वाट सांगणारा टॉवर जे सांगंल ते पायलटनं जसंच्या तसं परत म्हणायचं. त्याला कळलं पाहिजे का हिला बरोबर ऐकू गेलं. नाय तर एक म्हणतो एक, दुसरा करतो एक."

मला आमचे मालक आठवले. ते कंपनीत प्रेसमधी सापडूनच गेले. तिकडून कोणी तरी काय तरी वरडलं, यांनी हात वर केला, त्याला वाटलं ऐकलं. मशीनच्या आवाजात कोणी परत विचारलं नाय. पोरगं तव्हा रांगत व्हतं. त्याला शेजारणीकडं टाकून मी खडी फोडायला जायची, मंग दुसऱ्याच्या मेसमधी भांडी, मंग मपली मेस. ते जाऊ द्या. पण पोरीनं ते सांगितलं त्या दिवसापासून मी पण मेसमधी तसंच करायला लागले. कोणी दोन भाकरी म्हणलं की मी म्हणायची, दोन भाकरी. माणसं हसायची.

आता तिच्या गळ्याशी काय आलं व्हतं ते सांगते. लेखी पेपर तिनं समदे काढले. राहिली एक रेडिओची परीक्षा, तोंडी. कानाला यंत्र लावायचं, तिकडून साहेब टॉवर होऊन बोलतो, इकडून पायलटनं जवाब द्यायचा. त्याच्याबिगर लायसन नाय. हिची दोनदा गेली व्हती. येत नव्हतं असं नाय, तोंडपाठ व्हतं. पण तिकडून एक शब्द जरी निसटला तर ही गप व्हायची. परत सांगा म्हणायची लाज. वाटायचं, साहेब म्हणंल खेड्यातली हाय, हिला इंग्रजी कळत नाय. आन त्या शब्दाच्या मागं म्होरचे समदे शब्द निघून जायचे.

तिच्या बापाचं अजिंठ्याच्या लेण्यापाशी रंगीत दगडं विकायचं दुकान. माणूस वाईट नव्हता, पण दमला व्हता. लोकं विचारायची, पोरगी उडाली का नाय अजून. एकदा मेसमधी जेवता जेवता मला म्हणाला, "बाई, मी शाळेत चवथी. जपान्याशी बोलतो, फ्रान्सवाल्याशी बोलतो, दगड गळ्यात मारतो. आन ही शिकलेली, हिला एका यंत्राशी बोलता येईना." मंग तिच्याकडं न पाहता म्हणाला, "या बारीला नाय झालं तर सामान बांधायचं. दुकानावर बसंल, पाहुणे आलेत ते बघू." पोरगी ताटाकडं पाहत म्हणाली, "या बारीला नाय झालं तर सामान बांधते." सवयीनं म्हणाली. पण हातातला घास तिनं परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती स्टोव्हपाशी येऊन बसली आन म्हणाली, मावशी, तुम्ही मह्या टॉवर व्हा.

मला सही यवढीच येती. तिनं समदं तोंडानंच शिकवलं, जात्यावरची गाणी शिकावी तसं. ती गच्चीवर, मी खाली खिडकीपाशी भाकऱ्या थापत. मही जीभ इंग्रजीला वळंना. चार दिवस वळवली, मंग मी मपल्याच बोलीत टॉवर चालवायला लागले. "पायलटीन, जरा दम धर, खाली गाय आडवी हाय." वरून मोठ्या गंभीर आवाजात यायचं, "दम धरते, गाय दिसली." "वारं पापडाकडून येऊ राहिलं." "वारं पापडाकडून." "आता उतर." "उतरते." मंग ती तेच इंग्रजीत म्हणायची. जेवणारी माणसं घास हातात धरून ऐकायची. कोणी म्हणायचं, मावशी, आमचं बी विमान उतरवा, डाळ संपली.

पण स्टोव्हच्या आवाजात महं अर्धं तिला ऐकू जायचं नाय, आन नाय गेलं की वर सामसूम. तीच तिची खोड. एक दिवस अशीच गप झाली. शेख चाचा जेवत व्हते. त्यांचा एक कान प्रेसच्या आवाजानं खाल्लेला, मेसमधी त्यांचं कायम चालायचं, फिर से बोल अम्मा, फिर से बोल. ते ताटावरून उठले, हात धुवून जिन्यात गेले आन वर पाहून म्हणाले, "बेटी, मेरेकू नै सुनाई देता तो मैं पूछताच. अम्मा चिढती, लेकिन फिर से बोलती ना. तू बी पूछ." मंग वरून बारीक आवाज आला, "मावशी, परत सांगा." मी परत सांगितलं. त्या दिवशी तिनं मला इतक्या वेळा परत सांगायला लावलं का मही भाकरी करपली.

परीक्षेच्या आधी ती मला रिक्षानं चिकलठाण्याला घेऊन गेली. रोडच्या कडंला जाळीपाशी उभं राहिलो. ऊन कललं व्हतं. लांब डोंगराकडून एक ठिपका आला, चमकला, मोठा व्हत व्हत आवाज न करता खाली यायला लागला. आवाज मागून आला. पायलटीन ओठातल्या ओठात त्याच्याशी बोलत व्हती, टॉवरचं पण तीच, पायलटचं पण तीच. विमान टेकलं तव्हा तिनं श्वास सोडला, जसं तिनंच उतरवलं. मला म्हणाली, "मावशी, तुम्हाला कुठं जायचंय विमानानं?" मी म्हणले, कुठं नाय. वरून मपलं घर दिसलं म्हंजे झालं.

परीक्षेला ती बापासंग गेली, लांबच्या शहरात. आली ती पडलेल्या तोंडानं. बापानं पिशव्या ठेवल्या आन बाहेर जाऊन उभा राहिला. तिनं मला सांगितलं ते असं. साहेब यंत्रातून भरभर बोलला, एक आकडा निसटला. आन तिच्या तोंडून निघालं, "मावशी, परत सांगा." चांगलं मोठ्यानं, मराठीत. मंग तिला भान आलं आन तिनं तेच इंग्रजीत म्हणलं. साहेबानं परत सांगितलं, सावकाश. म्होरचं समदं तिनं बरोबर दिलं. पण परीक्षेत साहेबाला मावशी म्हणलेलं कोण पास करील, असं म्हणून ती रडली नाय, नुसती बसून राहिली. बापानं दोर आणला व्हता सामान बांधायला. मी त्याला म्हणले, निकाल येऊ द्या, मंग बांधा. दोर खिडकीत राहिला.

ते दिवस ती कुर्चीवर बसली नाय. कुर्ची उन्हात तापत पडायची.

निकाल फोनवर आला. पास झाली. सुनीतानं वरडून गल्ली गोळा केली. दुसऱ्या दिवशी बाप आला. हसला नाय, पोटभर जेवला. मंग म्हणाला, मला दाखव ते कसं उडतेस. आम्ही समदे वर गेलो. पायलटीननं ओढणी बांधली, झाकणं लावली. बाप तिच्या मागं पालथ्या घमेल्यावर बसला, शेख चाचा कठड्याला टेकून, सुनीता आन मी जमिनीवर. तिनं सांगितलं, डोळे मिटा. आन ती सांगत गेली. कंपन्यांचे पत्रे खाली गेले. छावणी गेली, पाणचक्की गेली, मकबरा मुठीत मावंल यवढा दिसला. दौलताबादचा किल्ला आधी उंच वाटला, मंग खाली राहिला. वारं लागत व्हतं, ते गच्चीवरचंच असंल, पण मला वरचं वाटलं. बाप हळू आवाजात म्हणाला, अजिंठ्यावरून ने. ती म्हणाली, अजिंठ्यावरून नेते. आन लेकीनं कुर्ची जराशी कलती केली तव्हा त्या माणसानं डोळे न उघडता मागून कुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

त्याच महिन्यात ती विमानाच्या मुलखात गेली. दारात पाया पडली, मी पाठीवरून हात फिरवला. लायसन झालं. आता कुठं तरी दुसऱ्याच्या शेजारी बसून विमान चालवती, लोकं भरलेलं. आधी रोज फोन यायचा, मंग सणाला, आता वरसात कधी तरी. त्याचं मला काय नाय. उडणाऱ्यानं खाली किती बघायचं. शेख चाचा रिटायर होऊन गावाला गेले. मही मेस बंद झाली, गुडघे ऐकत नाय.

वरची खोली आता रिकामी हाय. गल्लीतल्या बाया म्हणतात, पोरगी ठेवू नको, परक्याची जोखीम, कंपनीतला पोरगा ठेव. पायलटीन मह्याकडं यायच्या आधी चार घरांनी तिला असंच परत लावलं व्हतं. चौथ्या घराच्या ओट्यावरून ती मह्या दारात आली व्हती.

म्हणून वाचणाराला यवढंच मागते. तुमच्या घरात खोली रिकामी असंल आन एखादी शिकणारी पोरगी विचारत आली, तर तिला ती द्या. लगीन कधी म्हणून विचारू नका, चाय विचारा.