न भाजलेली माती

मराठवाड्याच्या मातीवर माझ्या थोरल्या साडूंइतकं प्रेम आजवर कुणी केलं नसेल. वाट्याला आलेली पाच एकर त्यांनी चुलतभावाला बटईनं देऊन टाकली होती आणि नांगराला उभ्या जन्मात हात लावला नव्हता, ही गोष्ट वेगळी. त्यांचं प्रेम पिशवीत मावेल एवढ्या मातीवर होतं. लातूरच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवत. घरी प्लायवूडवर माती, चुना, तुराटीची साल, कडब्याच्या धाटातला गाभा, करडईच्या वाळक्या पाकळ्या असलं काय काय चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून निसर्गचित्रं करत. निसर्गचित्र म्हटल्यावर माणूस डोंगर शोधतो, नदी शोधतो. ह्यांच्या चित्रात तसलं काही नसे. पट्टे असत, ओरखडे असत, एखादी भेग असे. ‘हे काय आहे?’ हा प्रश्न त्या घरात शिवीसारखा होता. शेजारच्या तलाठ्यांनी एकदा भाबडेपणानं ‘हा गट नंबर कुठला?’ असं विचारलं, तर साडूंनी त्यांच्या हातातला अर्धा चहाचा कप काढून घेतला. मी शहाणपणानं ‘छान आहे’ एवढंच म्हणालो, तरी सुटलो नाही. “पाव्हणं, छान सैपाक असतोय,” ते म्हणाले. “चित्रासमोर गप बसायचं असतंय.”

हिमायतनगरला एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी नवरीचे हे मावसे मांडवामागच्या नाल्यात उतरलेले सापडले. तिथं पिवळ्या मातीचा थर उघडा पडला होता. परतीच्या एसटीत कंडक्टरनं त्यांच्या अकरा पिशव्यांची सामानाची पावती फाडली. पैशांबद्दल साडूंची तक्रार नव्हती. पावतीवर ‘किरकोळ माल’ लिहिलं होतं, म्हणून ते नांदेड येईपर्यंत भांडत होते. आणलेली माती आधी चाळायची आणि मग तव्यावर खरपूस भाजायची, म्हणजे तिच्यातले किडे आणि बी मरतं, हा त्यांचा नियम. त्यापायी अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, दोन तवे ठेवावे लागत, एक भाकरीचा आणि एक ‘ह्यांचा’. एकदा तव्यांची अदलाबदल झाली, तेव्हा भाकरीला काय पोत आलाय म्हणून हे खूष. अक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. ते यांच्या लक्षात आलं नाही.

एका मातीचं चित्र मात्र ते करत नव्हते. ती त्यांच्या गावची होती. भूकंपात ते गाव बसलं. त्यात त्यांची आई आणि धाकटा भाऊ गेले. पुढं गाव दोन कोसांवर नव्या जागी, नंबर घातलेल्या घरांत गेलं आणि जुन्या गावठाणात जायचं कुणाला कारण उरलं नाही. साडू तेवढे एकदा जाऊन आले, पोतंभर माती घेऊन. ते पोतं माळ्यावर तोंड बांधून पडून होतं.

तोवर लातूरला क्लासचं पीक तरारून आलं होतं. किराणा दुकानाचं शटर संध्याकाळी उघडावं तर आत भौतिकशास्त्र चालू असे. यात साडूंच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा क्लास चार मजले चढला होता. दोन डोंगरांच्या मधोमध सूर्य काढला म्हणून साडूंनी त्याला कधीकाळी वर्गाबाहेर उभं केलं होतं. बाजाराचं ज्ञान त्याला बहुधा तिथंच झालं. त्याला खालच्या हॉलसाठी मोठं चित्र हवं होतं. त्यानं मला मध्ये घातलं, घरी येऊन पाया पडला आणि म्हणाला, “सर, तुमच्या गावाकडचीच पोरं शिकून राहिलीत माझ्याकडं.” या एका वाक्यावर माळ्यावरचं पोतं खाली आलं.

अक्कांनी सवयीनं तवा मांडला. साडूंनी तो उतरवला. “त्या मातीवर एकदा लाकडं रचून झालीत,” ते म्हणाले. “परत आगीवर ठेवणार न्हाई.”

चित्र लागलं. आठवड्याभरात त्याखाली पितळी पाटी आली, ‘यशाची खडतर वाट’. साडूंनी जाऊन ती उचकटली, तर दुसरी आली, स्क्रूऐवजी खिळ्यांची. मध्यस्थी माझी असल्यानं शिव्या मी खाल्ल्या आणि त्या रास्त होत्या. मग दहावीच्या निकालानंतर प्रवेशाची झुंबड उडाली आणि पालकांना वारा लागावा म्हणून हॉलमध्ये चित्रासमोर भलामोठा कूलर आला. ओलसर हवा दिवसभर त्या मातीवर. पंधरा दिवसांत चित्र उगवलं.

मालकानं सरांना कळवलं नाही, पत्रकं छापली: ‘जिथं भिंतीवर पीक येतं, तिथं आपला पाल्य मागं कसा राहील?’ शिवाय तिथंच कार्यक्रम ठेवला, पुण्याहून एक प्रेरणादायी वक्ते बोलावले. पत्रक वाचून साडू माझ्याकडे आले. ते त्यांनी माझ्यापुढं आपटलं. “पाव्हणं, ती माझ्या मायच्या घराची माती हाय. जाहिरात करून राहिलाय तो तिची. चला, चित्र परत आणू.”

आम्ही गेलो तेव्हा वक्ते रंगात होते. भूकंपानं गाडलेल्या गावच्या मातीतून ही जिद्दीची ज्वारी कशी वर आली, हे ते डोळे मिटून सांगत होते. शिरूर अनंतपाळपासून उमरीपर्यंतचे पालक, निम्म्याहून जास्त शेतकरी, माना खाली घालून ऐकत होते. साडू शेवटच्या रांगेतून उठले, चित्रापाशी गेले आणि वाकून बघत राहिले. मग वळून म्हणाले, “ज्वारी न्हाई. गाजरगवत हाय.”

हॉलमध्ये कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. सगळ्यांनी ते आल्या आल्याच ओळखलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाला मध्येच कसं सांगावं म्हणून गप्प होते. एक फेटेवाला समजुतीनं म्हणाला, “आमाला वाटलं, क्लासवाल्यानं मुद्दामच लावलं आसंल.”

मालक धावत आला. चित्र राहू द्या सर, हे गवत आत्ता उपटून टाकतो, म्हणत त्यानं हात पुढं केला. साडूंनी त्याचं मनगट धरलं.

“हात लावू नको. माझ्या गावात आता हेच राहतंय.”

आवाज चढलेला नव्हता. शाळेत तो चढलेला असे. मालक बाजूला झाला. त्या फेटेवाल्यानं आणि मी चित्र उतरवलं आणि रिक्षात आडवं धरून घरी आणलं.

साडूंनी ते ओसरीत टांगलं आणि पुढची सगळी वर्षं सकाळी त्यावर पाण्याचा शिपका मारला. पाहुणे विचारत, हे काय आहे? त्या एका चित्रापुरतं ते चिडत नसत. गाव सांगत, गल्ली सांगत, बोटानं आईचं दार कुठं होतं ते दाखवत.

आता साडू नाहीत. अक्का मुलाकडे राहतात, त्याच्या फ्लॅटला ओसरी नाही. म्हणून चित्र आमच्या व्हरांड्यात आलं. दर पावसाळ्यात त्यावर चार-सहा रोपं येतात, पांढरी फुलं धरतात. पाणी मी घालतो. मला गाजरगवताची ॲलर्जी आहे. डॉक्टरांनी गोळी दिली आहे, जेवणानंतर एक.