अहवालात वारलेली डेल्फिन मावशी

डेल्फिन चार्ली ही माझ्या आईची धाकटी बहीण. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर टेलाह नदी समुद्राला मिळते तिथं आमच्या मूळनिवासी जमातीची जेमतेम पावणेतीनशे माणसं राहतात. त्यातल्या म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण रांधून घालणं हे मावशीचं काम. शनिवारी त्याच स्वयंपाकघरात ती पोरांना आमची भाषा शिकवायची. फळा नाही, पुस्तक नाही. सामन मासा चिरता चिरता एकेका भागाचं नाव सांगायची आणि ज्याचं चुकेल त्याच्या हातात आतडी द्यायची. पोरं मुद्दाम चुकायची.

हा वर्ग रोज चालावा, आणखी दोघींना पगारावर घेता यावं, म्हणून मी जमातीच्या ऑफिसातून अनुदानासाठी अर्ज करत असे. चार वर्षांत तीन अर्ज केले. तिन्ही वेळा उत्तर तेच: 'या भाषेच्या कामाला आमची मदत आधीपासून चालू आहे.' कुणाला चालू आहे? आमच्याकडं तर कधी काही पोचलं नव्हतं. शेवटी वैतागून मी अनुदान देणाऱ्या निधीच्या सिएटलच्या ऑफिसात फोन लावला. हा निधी मूळनिवासी लोकांनीच उभा केलेला. फोनवर रामोना नावाची बाई होती, ती डोंगरापलीकडच्या एका जमातीतली. मावशी शेजारी कांदा चिरत होती, तिलाही ऐकू यावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"तुमच्या भाषेचं काम ती जुन्या टेपांचा संग्रह करणारी संस्था करते ना?" रामोना म्हणाली. "दरवर्षी अहवाल येतो त्यांचा. यंदाचा वाचून फार वाईट वाटलं हो. तुमची भाषा येणाऱ्या शेवटच्या बाई गेल्या म्हणे."

"कोण गेल्या?"

"डेल्फिन चार्ली."

मावशीची सुरी थांबली. तिनं फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कधी गेले मी?" तिनं विचारलं.

 पलीकडून हळू आवाजात, "कोण बोलतंय?"

"जी गेली ना, तीच."

रामोनानं तासाभरात अहवाल पाठवला. पान अकरावर मावशीचा तरुणपणीचा फोटो, खाली जन्मसाल, आणि त्यापुढं मरणाचं सालही. 'शेवटच्या जाणकार निवर्तल्यामुळे आमच्या संग्रहाचे मोल आता अधिकच वाढले आहे,' असं लिहिलं होतं. मावशीनं ते तीनदा वाचलं. 

मग तिला आठवलं. एकोणीस वर्षांपूर्वी व्हिटकॉम नावाचा एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. दोन दिवस तो तिच्या घरी बसला, तिला आणि तिच्या थोरल्या भावाला, हार्लनमामाला, बोलतं केलं. पोटभर जेवला, टेपांची प्रत पाठवतो म्हणाला आणि गेला. अहवालवाली संस्था त्याचीच; तेव्हापासून दरवर्षी तिला टेलाह भाषेच्या नावानं अनुदान मिळत होतं. आमच्या गावात मात्र तो पुन्हा फिरकला नव्हता.

दुपारी जेवायला आलेल्या म्हाताऱ्यांत बातमी पसरली.

"मेलीस तर मेलीस," क्लीट म्हणाला, तो मावशीचा चुलतभाऊ, "पण सूप तरी गरम ठेवत जा."

सगळे खदाखदा हसले, मावशीही हसली. पण त्या शनिवारी ती वर्गावर आली नाही. पोरं वाट बघून घरी गेली. मी तिच्याकडं गेले तर ती अंगात कोट तसाच ठेवून खुर्चीत बसलेली. बाहेर पडायला निघाली होती आणि मध्येच बसली होती.

"लेनी," ती म्हणाली, "माझ्या मरणाचं सोड. मला 'शेवटची' म्हटलंय त्यांनी. मग ही पोरं कोण? मला मारलं ते मारलं, पण पोरांना तर जन्मालाच घातलं नाही गं त्यांनी."



तीन आठवड्यांनी निधीची वार्षिक सभा होती. रामोनानं आम्हाला बोलावलं. चार तास गाडी चालवून आम्ही पोचलो. व्हिटकॉम तिथं आपलं काम मांडायला आला होता. पिकलेल्या केसांचा, मऊ बोलणारा. त्याचं झाल्यावर रामोना उठली आणि म्हणाली, "आता एक पाहुण्या बोलतील."

मावशी पुढं गेली. आमच्या रीतीप्रमाणं तिनं आधी आपल्या भाषेत आजीचं नाव घेतलं, आईचं घेतलं, नदीचं घेतलं, मग स्वतःचं. ते नाव कानावर पडलं तसा व्हिटकॉमचा चेहरा पांढराफटक पडला. तो उभा राहिला, पुन्हा बसला.

"मी... मी पत्र पाठवलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "पत्ता सापडत नाही म्हणून ते परत आलं. मला वाटलं..."

"पुरानंतर आमचं गाव वर गेलं," मावशी म्हणाली. "टेकडीवर, बाबा. देवाघरी नव्हे."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. व्हिटकॉम रडायला लागला. मावशीनं त्याला थोपटलं नाही, की एक शब्दही जास्त सुनावला नाही. "मला माझ्या टेपा दे," एवढंच म्हणाली, आणि जाग्यावर येऊन बसली. 

निधीनं त्या संस्थेची मदत थांबवली. कुठल्याही जमातीच्या नावानं अर्ज आला तर त्या जमातीच्या पंचांचं पत्र हवंच, असा नियम केला. पुढच्या वर्षी आमचा अर्ज मंजूर झाला. मागितलं त्याहून कमीच मिळालं, पण दोन बाया पगारावर लागल्या आणि वर्ग रोजचा झाला.

टेपा यायला आठ महिने लागले. एकूण नऊ टेपा होत्या. हार्लनमामा जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. पहिल्या टेपेत तो खाकरला, आणि मावशीनं तोंडावर हात ठेवला. तिसऱ्या टेपेत मावशी भरतीच्या पाण्याला एक शब्द वापरते आणि हार्लनमामा तिला मध्येच तोडतो: "अगं खुळे, ते ओहोटीचं. भरतीचा शब्द वेगळा." पुढं दोघंही हसतात.

मावशीनं टेप थांबवली, मागं घेतली, पुन्हा ऐकली.

"लेनी, इतकी वर्षं मी पोरांना उलटं शिकवलं!"  अहवालातलं स्वतःचं मरण वाचतानाही ती एवढी हादरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या वर्गापुढं उभं राहून चूक सांगितली. मग वही काढून बसली आणि आजवर तिच्याकडं शिकून गेलेल्या एकेकाला फोन करत सुटली. कुणी पोर्टलंडला नर्स होती, कुणी लष्करात. प्रत्येकाकडून बरोबर शब्द दोनदा म्हणवून घेतल्याशिवाय तिनं फोन ठेवला नाही. अलास्कात बोटीवर असलेल्या एकाला तेवढा फोन लागला नाही. त्याच्यासाठी तिनं निरोप ठेवला, आणि चार दिवसांनी त्याचा फोन आला.