पैलवानांचा फुटबॉल संघ

आमच्या सांगलीच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष अण्णा म्हणजे जुने पैलवान. खेळाडू पगार देऊन आणलेले, पण तयार करायची रीत तालमीची: पहाटे जोर-बैठका, वर बदामाची थंडाई, दुपारी मटण. पोरांच्या माना जाड झाल्या, मांड्या दगडासारख्या झाल्या आणि अर्ध्याहून जास्त खेळ झाला की सगळे कमरेवर हात ठेवून उभे! शेवटी शेवटी गोल खायचे आणि हरायचे. बघून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मला फिटनेस ट्रेनर म्हणून नेमलं, तेव्हा मी आधी थंडाई बंद केली आणि सगळ्यांना आटपाडीकडं माझ्या गावी नेलं. आम्ही मेंढरांमागं हिंडणारी माणसं, आमच्याकडं माळाला काय तोटा! जोरात पळायचं, थोडं चालायचं, परत जोरात. मैदानात तसंच तर पळावं लागतं. पोरं मला शिव्या घालायची. घालू देत की!

परत आल्यावर पोरं बघून अण्णा भडकलेच.

"पार वाळवून टाकलीस रं! ही काय खेळणार?"

"आवं अण्णा, कुस्ती कुठं करायचीय? पळायचं हाय."

"यंदा कप नाय आणलास तर बॅग भरायची आन् गावाकडं जायचं. कळलं?"

नुकतंच सांगलीत बिऱ्हाड केलेलं, बायकोला दिवस गेलेले. पण माघार घेईन तर मी कसला!

एकेक सामना जिंकत पोरं फायनलला पोचली. ती साताऱ्यात झाली. समोर गेल्या वर्षीचे विजेते. दोघांचाही गोल नाही, म्हणून जादा वेळ मिळाला. आणि मग मजा सुरू झाली. त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, एकेक जण गवतावर आडवा. आमची पोरं मात्र पळतायत! आमचा डावा बॅक आपल्या गोलपासून जो सुटला, तो थेट त्यांच्या कोपऱ्यापर्यंत. तिथनं त्यानं बॉल उचलून टाकला, आमच्या पुढच्या गड्यानं डोकं लावलं. गोल! मी लहान पोरासारखा नाचलो. लय भारी वाटलं, खोटं कशाला सांगू!

शिट्टी वाजल्यावर अण्णा गर्दीतनं वाट काढत आले. डोळे भरलेले. माझे दोन्ही खांदे धरले, इकडं तिकडं बघितलं आणि कानाशी हळूच म्हणाले,

"जिना चढताना लय दम लागतोय रं मला. उद्या पळायला कवा येऊ?"