पारधी वस्तीची सर्वसाधारण सभा

घ्या, चहा घ्या. हा किस्सा मी कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि विचारलं तरी आधी थोडी टाळाटाळ करते. लोक एखादा शब्द चुकतात आणि विसरून जातात. मी एक शब्द चुकले, तर बत्तीस बायकांनी मला त्या शब्दावर जे धरलं ते अजून सोडलेलं नाही.

तेव्हा मी पुण्याच्या एका आरोग्य संशोधन संस्थेचं काम करत होते. राहायला इथंच बीड जिल्ह्यात, केजला, आणि आठवड्यातले चार दिवस जीपला लोंबकळत गावोगाव. दुष्काळाचं वर्ष होतं. ऊस वाळलेला, कारखान्याचं धुराडं लवकरच थंड पडलेलं, त्यामुळं तोडीला गेलेली माणसं केव्हाच घरी परतली होती. ऊस तोडणाऱ्या बायकांच्या अंगात रक्त किती कमी आहे, हे संस्थेला तपासायचं होतं. माझ्या वाट्याला तालुक्यातली एक पारधी वस्ती आली.

त्याआधी पुण्यात आमचं शिबिर झालं. तिथं एकच गोष्ट घोटून घेतली. लोकांना नमुना समजू नका, त्यांना संशोधनात भागीदार करा. मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

पण वस्तीवर जाऊन ‘भागीदार’ म्हणायचं कसं? आमच्याकडं भागीदारी असते ती बोअरमध्ये, आणि ती कोर्टात संपते. म्हटलं, आपण सोपा शब्द वापरू. लिंबाखाली बायकांना बसवलं आणि सांगितलं, “आमची एक संस्था आहे. तुम्हाला त्या संस्थेचं सभासद करून घ्यायचंय. हा कागद, इथं अंगठा.”

काय हुशार होते मी, बघा.

आता बीड जिल्ह्यात ‘संस्था’ म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांपुढं काय येतं? दूध संस्था, सोसायटी, कारखाना. सभासद म्हणजे मत, वर्षाला सभा, दिवाळीला स्वस्त साखर. आणि या वस्तीतल्या एकाही माणसाला गावानं कधी कशाचं सभासद करून घेतलं नव्हतं. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. त्या वेळी डोक्यात आलं नाही, एवढंच.

वस्तीत शेवंताबाई म्हणून एक वयस्कर बाई होती. सगळ्या बायका तिच्या तोंडाकडं बघून हलायच्या. ती मला म्हणाली, “सभासद? आमी?”

“हो मावशी, तुम्हीच.”

“गावच्या सोसायटीत तर आमाला पायरी चढू देत न्हाईत.”

“आमच्या संस्थेत तसं नाही.”

तिनं स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं. “ह्यो अंगठा आतापोतर पोलिसांनीच घेतला बग. सभासद करायला पैल्यांदाच कुनी मागितलाय.” आणि तिनं अंगठा दिला. मागोमाग सगळ्यांनी दिला. तासाभरात बत्तीस कागद तयार.

मी पुण्याला फोन लावला. आमचे डॉक्टर म्हणाले, “इतक्या लवकर विश्वास कसा मिळवलात?” मी म्हणाले, “बोलायची एक पद्धत असते, सर.” हे वाक्य आठवलं की मला आजही तोंड लपवावंसं वाटतं.

पंधरा दिवसांनी रक्त घ्यायला डॉक्टर स्वतः आले. बरोबर सुयांचे खोके, बर्फाची पेटी. बघतो तर लिंबाखाली सतरंजी, कुठूनतरी आणलेलं टेबल, आणि बत्तीस बायका डोक्यावर पदर घेऊन रांगेत बसलेल्या. डॉक्टर खूश. त्यांना वाटलं, सत्कार आहे. ते खुर्चीकडं निघाले, तशी शेवंताबाई म्हणाली, “सभासद सोडून बाकीच्यांनी कडंला बसावं.”

डॉक्टर कडेला एका दगडावर बसले.

शेवंताबाईची सून दहावीपर्यंत शिकलेली. तिनं वही उघडून वाचलं, “विषय पहिला. चेअरमन निवडने.” शेवंताबाई बिनविरोध. “विषय दुसरा. मागं एक गाडी आलती, रगत घेऊन गेली, पुन्ना तोंड दाखवलं न्हाई. आपल्या संस्थेनं तसं करू ने.”

मी उभी राहिले. “मावशी, माझं चुकलं. मी सभासद म्हणाले, पण ते तसलं सभासद नव्हतं.”



“मंग कसलं व्हतं?” शेवंताबाईनं विचारलं.

मी हातातले कागद चाळायला लागले.

“रगत आमचं. हाडं आमची झिजलेली. मंग सभासद कोन? ते दगडावरचे?”

डॉक्टर उठून माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, “अंगठे झालेत ना? मग सुरू करू. बर्फ वितळतोय. यांना नंतर समजावता येईल.”

शेवंताबाईचे कान तिखट होते. तिनं हात पुढं केला. “ते कागद दे.” मी कागदांचा गठ्ठा दिला. तिनं तो शांतपणे मांडीखाली घेतला आणि त्यावर बसली. “आता झाले का अंगठे?”

खरं सांगते, त्या क्षणी नोकरी मला दिसत होती, जीपमध्ये बसून निघून चाललेली. तरी मी म्हणाले, “सर, त्या बरोबर बोलतायत. खोटं मी बोलले. हे अंगठे खोट्यावरचे आहेत, ते चालणार नाहीत.”

त्या दिवशी एक थेंबसुद्धा रक्त निघालं नाही. ठराव मात्र तीन झाले. कागद आधी पारधी बोलीत वाचून दाखवायचा. तपासणीत काय निघालं ते पुण्याच्याही आधी वस्तीला सांगायचं. आणि वस्तीतल्या दोघी जणींना विचारल्याशिवाय कुठं काही छापायचं नाही. डॉक्टर बर्फाच्या पेटीतलं पाणी ओतून निघून गेले.

पण ठरावांची नक्कल त्यांनी पुण्यात दाखवली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. अशा संशोधनाला परवानगी देणाऱ्या तिथल्या नीतिसमितीनं उलट त्यांनाच विचारलं, हे तुमच्या अर्जात का नव्हतं? महिन्यानं आम्ही परत गेलो. सुनेनं कागद त्यांच्या बोलीत वाचला. पाच जणी नको म्हणाल्या, त्यांना कुणी का म्हणून विचारलं नाही. बाकीच्यांनी हात पुढं केले.

अहवाल लिंबाखाली वाचला. जवळजवळ प्रत्येकीचं रक्त कमी. शेवंताबाईनं तो कागद घेतला आणि केजला तहसीलवर जाऊन बसली. टँकर गावात यायचा आणि वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन तंगड्या तोडत जायच्या. “कमी रगताच्या बायांनी पानी कामून वाहावं, ते लिहून द्या,” एवढंच ती म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी टँकर वस्तीवर आला. गोळ्या घेऊन नर्सही यायला लागली.

संस्थेचं ते काम संपून आता बरीच वर्षं झाली. वस्तीची सभा मात्र दरवर्षी होते, आणि शेवटचा विषय ठरलेला असतो, ताईंना पुढच्या वर्षी वस्तीवर येऊ द्यावं का. यंदा मी दोन मतांनी वाचले. मतदानाला मीही हात वर केला होता. चेअरमननं तो खाली करायला लावला. “तुमी सभासद न्हाई, ताई.”